आईचा सडा

त्या माणसाला मी समुद्रकाठी सहा तास अडकवून ठेवलं ते चुकून नाही, ठरवून. त्याच्याबरोबर आणखी पंचवीस माणसं अडकली, त्यांत सहा लहान मुलं होती. मुलं येणार आहेत हेही मला आधी माहीत होतं. लोक आता माझ्याबद्दल जे बोलतात ते बहुतेक खरं आहे. फक्त हे सगळं सुरू कुठून झालं, ते कुणी विचारत नाही.

बाबा गेल्यावर आई माझ्याकडे कॅलिफोर्नियात, फ्रीमाँटला आली. रत्नागिरीकडच्या एका हायस्कूलमध्ये तिने एकतीस वर्षं भूगोल शिकवला होता. आमच्या टाउनहाउसच्या खिडकीतून समोरच्या घरांचे गॅरेजचे दरवाजे दिसतात, दुसरं काही नाही. आम्ही दोघं ऑफिसला गेलो की ती त्या खिडकीशी बसायची. पहिल्या तीन महिन्यांत ती एवढी कमी बोलली की तिला परत पाठवावं का, असं मी नवऱ्याला विचारलं होतं.

मग एका शनिवारी मी तिला समुद्रावर नेलं. फ्रीमाँटहून दोन तासांवर, सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला, समुद्राला लागून एक राष्ट्रीय उद्यान आहे. उद्यान म्हटल्यावर डोळ्यांपुढे झाडं येतात. तिथे झाडं जवळजवळ नाहीतच. कड्यांवर मैलोनमैल पसरलेलं उघडं माळरान, गुडघाभर झुडपं, खारा वारा आणि सकाळी जमिनीवरून सरपटत जाणारं धुकं. पार्किंगमध्ये पोचलो तेव्हा वाऱ्याने गाडी हलत होती. "आतूनच बघ गं," मी म्हटलं. तिने दार उघडलं, साडीवर माझं जॅकेट चढवलं आणि वीस पावलं चालत गेली. तिथून ओरडली, "अगं, हा तर सडा!"

कोकणात डोंगराच्या माथ्यावर जे सपाट, बिनझाडांचं पठार असतं, त्याला सडा म्हणतात. खाली समुद्र, वर नुसता वारा. आई अशाच एका सड्यावरून शाळेत जायची, आधी शिकायला आणि मग शिकवायला. "कातळ नाही इथे," ती वाकून माती बघत म्हणाली, "पण सडाच हा. सड्याला असाच वास येतो, उन्हात तापलेल्या पाल्याचा." त्या दिवशी ती दोन तास चालली. परतताना गाडीत सबंध वेळ बोलत होती.

त्यानंतर सात वर्षं, महिन्यातून दोनदा तरी आम्ही तिथे गेलो. साडी, जॅकेट, पायांत स्पोर्ट्स शूज आणि हातात दोनशे पानी वही. तिला इंग्रजी नावं नको होती. वसंतात कड्यावर पिवळ्या तुऱ्यांची झुडपं फुलायची, त्यांना ती पिवळा ताग म्हणायची, कारण पानाफुलांची ठेवण तागासारखीच. नेच्याला नेचा. झुडपांवरून अगदी खाली तरंगत उंदीर शोधणारा राखाडी पक्षी दिसला की म्हणायची, "हा बघ भोवत्या. आपल्याकडे हिवाळ्यात येतो, त्याचाच भाऊबंद." मोठ्या शिंगांची हरणं धुक्यातून एकदम पुढ्यात यायची, तेव्हा ती थांबायची आणि त्यांना वाट द्यायची. मग टेकून बसायला जागा शोधून लिहायची. वाऱ्याने पानं फडफडायची म्हणून वहीला कपड्यांचे चिमटे लावायची.

त्या वह्यांत काय होतं हे सांगणं अवघड आहे. निबंध नव्हते, रोजनिशीही नव्हती. धुकं कुठल्या घळीतून आधी वर चढतं आणि कुठल्या घळीत उशिरापर्यंत बसून राहतं, हे तिने एकदा चार पानं लिहिलं होतं. कुंपणाची जुनी तार वाऱ्यात कशी वाजते, ते लिहिलं होतं. वाऱ्याने एकाच बाजूला वाढलेल्या एका सुरूसारख्या झाडाबद्दल लिहिलं होतं की ते कुणालातरी दार उघडून देत असल्यासारखं वाकलंय. मी ऑफिसात दिवसभर स्क्रीनकडे बघणारी बाई, पण ते वाचताना माझ्या नाकात तो वास यायचा.

आता तो माणूस. तो आमच्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकाचा संपादक होता. चिपच्या कंपनीतून रिटायर झालेला, पासष्टीचा, उत्तम आवाजाचा. सगळे त्याला काका म्हणत. मीही म्हणत असे आणि अहो-जाहो करत असे. इथे लिहिताना मी ते करणार नाही.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आईने कुणाशीतरी बोलताना वह्यांचा विषय काढला आणि तो शेजारीच होता. "बाई, मला द्या वाचायला. अंकात दोन पानं छापू," तो म्हणाला. शिक्षिका होती म्हणून तो तिला बाई म्हणायचा. आईला इतका आनंद झाला की तिने चारही भरलेल्या वह्यांना घरी जाऊन नवीन कव्हरं घातली. पाचवी वही तेव्हा अर्धी लिहून झाली होती, म्हणून ती घरी राहिली. वह्या आठ महिन्यांनी परत आल्या. दिवाळी अंकात काहीच आलं नाही. "जागा पुरली नाही हो बाई," तो म्हणाला. त्या हिवाळ्यात आईने एकही ओळ लिहिली नाही.

पुढच्या वर्षी मंडळाच्या हॉलमध्ये त्याच्या पुस्तकाचं प्रकाशन झालं. समुद्रकाठच्या माळरानावरची त्याची भटकंती. पुण्याहून छापून आलं होतं, गुळगुळीत कागद, मागे त्याचा टोपी घातलेला फोटो. तो स्टेजवर उभा राहून वाचायला लागला. पहिल्या दोन वाक्यांना मला काहीच कळलं नाही. तिसऱ्याला आईने माझं मनगट धरलं. तिची नखं मला लागली. "दार उघडून देत असल्यासारखं," तो वाचत होता, आणि हॉलमधले दोनशे लोक 'वा' म्हणत होते.

घरी आल्यावर आईने जॅकेटही न काढता सोफ्यावर बसून विचारलं, "पुस्तक घेतलंस का विकत?"

"घेतलं."

"वाच मोठ्याने."

तोवर तिची नजर अधू झाली होती, छापील अक्षर तिला भिंगाशिवाय दिसत नव्हतं. मी वाचत गेले आणि ती प्रत्येक परिच्छेदाला म्हणत होती, "दुसरी वही. दुसरी. ही पहिली, मार्चमधली." त्याने फार काही बदललं नव्हतं. बाईचा पुरुष केला होता. 'गेले'चं 'गेलो', 'बसले'चं 'बसलो'. आईच्या साडीचा पदर वाऱ्याने तोंडावर आला होता तिथे मफलर घातला होता.

मी त्याला फोन केला. आवाज चढवायचा नाही असं ठरवलं होतं. तो अजिबात गडबडला नाही. "अगं, निसर्ग काय कुणाच्या मालकीचा असतो का? बाईंच्या नोंदी होत्या, कच्चा माल. त्याचं साहित्य मी केलं. आणि बाईंना या वयात कशाला हवी ती दगदग?" मंडळात दोघातिघांना सांगितलं, तर एक काकू म्हणाल्या, "जाऊ दे ना, एवढं काय. आपल्या माणसाचं पुस्तक आलंय, कौतुक करावं." वह्या दाखवू का म्हटलं, तर कुणाला वेळ नव्हता.

आईने मला शांत व्हायला सांगितलं असतं तर मी कदाचित झालेही असते. तिने सांगितलं नाही. ती मला म्हणाली, "पुस्तक परत वाच. ओळ न् ओळ. एवढी दोनशे पानं बदलताना कुठेतरी त्याचा हात चुकला असेल."

मी अकरा दिवस ऑफिसच्या लंचमध्ये ते पुस्तक वाचलं. एकशे बेचाळिसाव्या पानावर सापडलं. 'वाऱ्याने मफलर तोंडावर आणला. वाऱ्याकडे पाठ करून जरा वेळ तशीच उभी राहिले.' मी गाडीत बसून एकटीच हसले. मग मला रडू आलं, आणि मग नुसता राग उरला. तो बरेच महिने उरला.

तरी काय करायचं ते सुचत नव्हतं. एक चुकलेलं क्रियापद घेऊन कुणाच्या दारात जाणार? छपाईची चूक म्हणून सगळे हसले असते. पुढच्या मे महिन्यात ईमेल आला: काका स्वतः वाचकांना पुस्तकातल्या वाटेवर घेऊन जाणार, सहकुटुंब या, डबे आणा. सड्यावरून कड्याकडे, तिथून खाली वाळूच्या पुळणीवर उतरायचं, खडकाच्या नाकाडाला वळसा घालून पलीकडच्या छोट्या पुळणीत जायचं आणि तिथल्या घळीतून वर चढून परत सड्यावर.

ही वाट तिसऱ्या वहीतली. ती आम्ही एकदाच केली होती, समुद्र खूप मागे गेलेला असताना. दोन वर्षांनी परत गेलो तेव्हा ती घळ पावसाने ढासळली होती. चिखलमातीची उभी भिंत झाली होती. मागे वळलो तर नाकाडाशी भरतीचं पाणी आलेलं. त्या दिवशी आई आणि मी त्या छोट्या पुळणीत सहा तास बसून होतो. मी घाबरून गेले होते. आई मात्र मागच्या बाजूला वाळलेलं समुद्रगवत कुठपर्यंत पडलंय ते बघून आली आणि म्हणाली, "याच्या वर पाणी येत नाही. इथे बस." आलं नाही. हे सगळं तिने पाचव्या वहीत लिहिलं होतं: घळ गेली, नाकाड फक्त सुकतीत, म्हणजे ओहोटीतच, ओलांडता येतं, मागची वाळू कोरडी राहते. पाचवी वही त्याने पाहिलेली नव्हती. आणि तो त्या पुळणीवर कधी उतरलेलाच नव्हता, हे त्या ईमेलवरूनच कळत होतं.

मी भरतीचं वेळापत्रक काढलं. त्या शनिवारी साडेअकराच्या सुमारास नाकाड बंद होणार होतं, ते साधारण साडेपाचला उघडणार होतं. मी आईला वाचून दाखवलं. ती बराच वेळ भिंगाशी खेळत राहिली.

"किती माणसं जाणारेत?" तिने विचारलं.

"पंचवीस-तीस. मुलंही आहेत."

"वाळू कोरडी राहते," ती म्हणाली. मग, "पाणी जास्त घे. खायला घे. शाली घे."

एवढंच आमचं बोलणं झालं. नवरा त्या आठवड्यात कामासाठी अ‍ॅरिझोनात, चँडलरला होता. तो असता तर त्याने त्या माणसाला फोन करून सगळं सांगून टाकलं असतं. म्हणून मी त्याला कळवलं नाही. शुक्रवारी संध्याकाळी पन्नास ठेपले केले, पाण्याच्या बाटल्या भरल्या. एक सॅक पाठीवर, एक पोटाशी; त्यांत मावतील तेवढ्या बाटल्या आणि शाली, ठेपले, चारही वह्या आणि त्याचं पुस्तक. या सॅक बघून कुणी काही विचारलं तर काय सांगायचं, ते ठरवून ठेवलं. कुणी विचारलं नाही.

शनिवारी धुकं होतं. माळरानावर पिवळा ताग ऐन भरात होता आणि धुक्यात ती झुडपं आतून दिवा लावल्यासारखी दिसत होती. तो पुढे चालत होता, मध्येच थांबून वाचत होता. आई काठी टेकत अर्ध्या वाटेपर्यंत आली. तिच्या डोळ्यांदेखत तिची वाक्यं तिच्याच सड्यावर तो वाचत होता, आणि एक तरुण मुलगी व्हिडिओ काढत होती. मी आईकडे बघितलं. ती ऐकत होती, वर्गात मुलांची पाठांतरं ऐकत असेल तशी. कड्याशी ती बाकावर बसली. "मी इथेच थांबते. तू जा," म्हणाली.

पुळणीवर उतरायच्या वाटेवर भरतीबद्दल इशारा देणारी पाटी आहे, चांगली मोठी. एका गृहस्थाने ती वाचून विचारलं, "काका, टाइमिंग चेक केलंय ना?"

"अहो, अशा पाट्या इथे सगळीकडे असतात, कुणी कोर्टात जाऊ नये म्हणून. लायेबिलिटी!" तो म्हणाला आणि सगळे हसले.

त्या क्षणी मी तोंड उघडलं असतं तर सगळं तिथेच थांबलं असतं. मी बुटाची नाडी बांधत राहिले.

अकरा वाजता आम्ही नाकाड ओलांडलं. पाणी घोट्यापर्यंत होतं, मुलं उड्या मारत होती. छोटी पुळण फार सुंदर आहे. तिन्ही बाजूंनी फिकट कडे, त्यांत पक्ष्यांची बिळं, वाळू ओली आणि काळसर. सगळ्यांनी फोटो काढले. मग तो घळ शोधायला लागला. या टोकापासून त्या टोकापर्यंत दोनदा गेला. पुस्तक उघडून बघितलं. तिसऱ्यांदा गेला तेव्हा लोकांचं फोटो काढणं थांबलं होतं.

"इथेच होती," तो म्हणाला. "माती आलेली दिसतेय. चला, आलो तसे परत जाऊ."

परत जाता येत नव्हतं. नाकाडाशी पाणी मांड्यांपर्यंत आलं होतं आणि लाटा खडकावर फुटत होत्या. आयटीतले दोन तरुण 'ट्राय करतो यार' म्हणत घुसले. पहिल्याच मोठ्या लाटेने एकाला आडवं केलं. दुसऱ्याने त्याला ओढून काढलं. त्याच्या कोपरातून रक्त येत होतं. फोनला सिग्नल नव्हता. एक बाई रडायला लागली. तो माणूस खडकाकडे बघत उभा होता आणि त्याच्या त्या सुरेख आवाजातून काहीही निघत नव्हतं.

तेव्हा मी पुढे झाले. "कुणीही पाण्यात जायचं नाही," मी म्हटलं. "सगळे मागे चला. हे वाळलेलं समुद्रगवत दिसतंय ना, त्याच्यावर बसा. इथवर पाणी येत नाही. साडेपाचला वाट मोकळी होईल." मी शाली वाटल्या, मुलांना ठेपले दिले, तरुणाचं कोपर बांधलं. दहा मिनिटांत सगळे कड्याला पाठ लावून ओळीने बसले होते. माझ्यासमोर. कुणालाही कुठे जाता येत नव्हतं.

मी सॅकमधून वह्या काढल्या.

आधी त्याला विचारलं, "काका, या घळीतून तुम्ही कधी चढला होतात?"

"पुस्तकात आहे ना," तो म्हणाला.

"पुस्तकात आहे. तुम्ही कधी?"

तो म्हणाला की आत्ता ही वेळ नाही. मी म्हटलं की वेळ भरपूर आहे, पाच तास. मग मी तिसरी वही उघडली आणि आईचं अक्षर सगळ्यांना दिसेल अशी धरून वाचायला लागले. पुस्तक मी शेजारच्या गृहस्थांच्या हातात दिलं, पाटी वाचणाऱ्या. "तुम्ही छापलेलं बघत चला," म्हटलं. एक पान झालं, दोन झाली. ते गृहस्थ आधी ओठातल्या ओठात वाचत होते, मग माझ्याबरोबर मोठ्याने वाचायला लागले. माझं 'गेले', त्यांचं 'गेलो'. माझं 'थकले', त्यांचं 'थकलो'. लाटांच्या आवाजात ते दोन आवाज बरोबर चालले होते आणि लोक एकदा माझ्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत होते. तो दोनदा उठला. उठून जाणार कुठे? पाण्यापर्यंत जायचा आणि परत यायचा.

शेवटी मी पुस्तक त्याच्यापुढे धरलं. "एकशे बेचाळीस. तुम्हीच वाचा. तुमचा आवाज चांगला आहे."

"हा तमाशा बंद कर," तो म्हणाला.

"वाचा ना काका," व्हिडिओ काढणारी मुलगी म्हणाली. ती अजून काढत होती.

त्याने वाचलं. मफलरशी आला, पुढच्या वाक्याशी आला आणि थांबला. त्याने ती जागा आयुष्यात पहिल्यांदाच पाहिली असावी. मग त्याने 'तसाच उभा राहिलो' असं वाचलं. शेजारच्या गृहस्थांनी पानात डोकावून बघितलं आणि शांतपणे म्हणाले, "तसं नाही छापलेलं."

मला त्या वेळी काय वाटलं ते मी लपवणार नाही. फार बरं वाटलं. इतकं बरं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. तो खाली बसला, गुडघ्यांत डोकं घालून. मी पुढची वही उघडली. मी थांबू शकत होते आणि थांबले नाही. दुपारी तीनपर्यंत वाचत राहिले, घसा बसेपर्यंत.

त्यानंतर जे झालं ते मी हिशेबात धरलं नव्हतं. धुकं दाट झालं, वारा फिरला आणि आठ-नऊ वर्षांच्या एका मुलीला हुडहुडी भरली. नाकाड ओलांडताना ती पाण्यात पडली होती आणि तिने कुणाला सांगितलं नव्हतं. शालीत गुंडाळली तरी तिचे दात वाजत होते, ओठ निळसर झाले होते. तिची आई तिला छातीशी धरून चोळत होती. मी माझं जॅकेट काढून तिला घातलं, तिचे ओले मोजे काढले, पाय माझ्या पोटाशी धरले. अर्ध्या तासाने तिला जरा ऊब आली. ती मला निरखून बघत होती.

"यू ब्रॉट सो मच स्टफ," ती म्हणाली. "यू न्यू, राइट?"

मी तिचे पाय चोळत राहिले. तिच्या आईने माझ्याकडे बघितलं, मग पाण्याच्या बाटल्यांकडे, शालींकडे. ती हळूच म्हणाली, "तुला माहीत होतं?" आणि उत्तराची वाट न बघता तिने मुलीचे पाय माझ्या हातांतून काढून घेतले.

साडेपाचला पाणी मागे गेलं. मी सगळ्यांना एकेक करून नाकाडावरून काढलं. तो सगळ्यांत शेवटी आला. वर सड्यावर धुकं फाटलं होतं आणि उन्हाने सगळं माळरान तांबूस झालं होतं. आई कड्याशी काठीवर दोन्ही हात ठेवून उभी होती. ती मधून मधून गाडीत जाऊन बसून आली होती, हे मला नंतर कळलं. लोक तिच्याजवळ येऊन थांबायला लागले. एक-दोघांनी वाकून नमस्कार केला. मग तो आला.

"बाई," तो म्हणाला.

"दोन भरत्यांमध्ये अंतर किती?" आईने विचारलं.

त्याला वाटलं असावं की त्याने चुकीचं ऐकलं.

"बारा तास पंचवीस मिनिटं," आई म्हणाली. "सहावीच्या मुलांना यायचं." आणि ती गाडीकडे चालू लागली.

पुढचं सगळं लिहिण्यासारखं नाही, पण थोडं सांगते. त्या तरुण मुलीने काढलेला व्हिडिओ फ्रीमाँटपासून पार न्यू जर्सीतल्या पार्सिपनीपर्यंत गेला. महिन्याभराने त्या माणसाचा निरोप आला की दुसऱ्या आवृत्तीत आईचं नाव घालतो, 'नोंदींचे साहाय्य' म्हणून. आईने नको म्हणून कळवलं. तिने सांगितलं की पुस्तक थांबवा आणि दिवाळी अंकात स्वतः लिहा, काय केलंत ते. त्याने अर्धं पान लिहून पाठवलं. त्यात 'अनवधानाने' असा शब्द होता. आईने मला लाल पेन मागितलं, भिंग डोळ्याशी धरून त्या शब्दावर काट मारली आणि कागद परत पाठवला. दुसऱ्या खर्ड्यात 'गैरसमजातून' होतं. तेही काटलं. चौथ्या वेळी त्याने सरळ लिहिलं की वह्या घेतल्या आणि मजकूर स्वतःच्या नावाने छापला. ते अंकात आलं, आणि त्यानंतर तो मंडळात कधी दिसला नाही. त्याची बायको एकदा देवळात भेटली, तिने मान फिरवली. मला वाईट वाटलं नाही.

मंडळाने आम्हालाही बोलावणं बंद केलं. गणपतीला ईमेल येत नाही, संक्रांतीला येत नाही. नवऱ्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मुलं होती गं तिथे." त्या एका वाक्यावरून आम्ही दोन आठवडे बोललो नाही. ते बरोबर आहे हे मला माहीत होतं, म्हणूनच बोलले नाही.

गेल्या महिन्यात इंडियन ग्रोसरीत त्या छोट्या मुलीची आई दिसली. पिठांच्या रांगेत आम्ही समोरासमोर आलो. मुलगी बरोबर होती, उंच झालेली. तिने हात वर करून 'हाय' म्हटलं. तिच्या आईने ट्रॉली वळवली आणि दुसऱ्या रांगेत गेली. मी तिच्या मागे गेले नाही. काय सांगणार होते? तिच्या रागाला माझ्याकडे उत्तर नाही, आणि तो तिने ठेवावा असंच मला वाटतं.

घरी येऊन आईला सांगितलं. ती पडून रेडिओ ऐकत होती, तिने आवाज कमी केला.

"कशी आहे पोरगी?"

"मोठी झालीये. हसली माझ्याकडे बघून."

"तिला थंडी वाजली ते वाईट झालं," आई म्हणाली. मग म्हणाली, "त्याला आणखी एक-दोन तास बसवायला हवं होतं." मी हसले नाही. तीही हसली नव्हती.